वाचकांचे प्रश्न : आलेखातली ती लाट खरी की सोंग?

प्रश्न : थर्मिस्टरने (तापमानाप्रमाणे रेझिस्टन्स बदलणाऱ्या सेन्सरने) टाकीतल्या पाण्याचं तापमान सेकंदाला एकदा नोंदवतो. हीटर बंद, टाकी झाकलेली, तरी आलेखात अर्ध्या अंशाची संथ लाट दिसते. तिचं एक आवर्तन कधी अर्ध्या मिनिटाचं, कधी जवळपास मिनिटाचं. सेन्सर बदलला, फरक पडला नाही.

उत्तर : पडणारही नाही, कारण सेन्सर निर्दोष आहे. झाकलेल्या टाकीतलं पाणी दर अर्ध्या मिनिटाला तापत-निवत नाही. लाट वायरमधली आहे. सेन्सरच्या लांब वायरीत विजेच्या लाइनचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट शिरतो. दोन सॅम्पलांच्या, म्हणजे रीडिंगच्या, मधल्या सेकंदात त्याची ५० आवर्तनं होऊन जातात. नेमकी ५० झाली तर प्रत्येक सॅम्पल लाटेच्या त्याच जागी पडेल आणि तापमान नुसतं थोडं वर किंवा खाली सरकलेलं दिसेल. पण लाइनची फ्रिक्वेन्सी सतत थोडी डुलत असते. ती ४९.९७ असली तर दर सॅम्पलला ०.०३ आवर्तनाचा फरक साठत जातो आणि ३३ सेकंदांत एक फेरा पुरा होतो. ४९.९८ झाली की तोच फेरा ५० सेकंदांचा. थोडक्यात, तुम्ही तापमानाच्या नावाखाली ग्रिडची फ्रिक्वेन्सी मोजताय, आणि तीही बऱ्यापैकी अचूक!

उपाय सोपा आहे. दर सेकंदाला एका रीडिंगऐवजी १ मिलिसेकंदाच्या अंतराने २० रीडिंग घ्या आणि त्यांची सरासरी नोंदवा. २० मिलिसेकंदांत ५० हर्ट्झचं एक पूर्ण आवर्तन बसतं, त्यामुळे वरची आणि खालची बाजू एकमेकींना खाऊन टाकतात. त्याच्या दुप्पट-तिप्पट, म्हणजे १०० आणि १५० हर्ट्झच्या गुणगुणाटाचंही तेच होतं. वेळ वाचवायला १० रीडिंगवर भागवू नका. अर्धंच आवर्तन हाती लागतं आणि नशीब वाईट असेल तर ६४ टक्के गुणगुणाट शिल्लक राहतो. लाइन ५० हर्ट्झची असो वा ६० ची, १०० मिलिसेकंदांची सरासरी दोन्हीकडे चालते, कारण त्यात एकीची ५ आणि दुसरीची ६ आवर्तनं पुरी बसतात.

जोडीला एक कपॅसिटर लावा. थर्मिस्टर आणि त्याच्यासोबतचा रेझिस्टर दोन्ही १० किलोओहमचे असतील तर त्यांच्या सांध्यापाशी ५ किलोओहम दिसतात. तिथून ग्राउंडला १० मायक्रोफॅरड लावले की ५० हर्ट्झचा गुणगुणाट सुमारे सोळाव्या हिश्शावर येतो. पाण्याचं तापमान इतकं सावकाश बदलतं की त्याला या कपॅसिटरचा पत्ताही लागत नाही.

प्रश्न : मोटारीची कंपनं १०० हर्ट्झपर्यंतच पाहायची आहेत. सेकंदाला १,००० सॅम्पल, १२ बिटचा एडीसी (व्होल्टेजचे आकडे करणारी चिप), त्याआधी १० किलोओहम आणि १०० नॅनोफॅरडचा आरसी (रेझिस्टर-कपॅसिटरचा) फिल्टर. ७० हर्ट्झला एक शिखर येतं, ते मोटारीच्या कशाशीच जुळत नाही. ते सॉफ्टवेअरमध्ये काढून टाकता येईल का?

उत्तर : नाही. सॅम्पल घेतल्यावर ९३० हर्ट्झचा सिग्नल आणि ७० हर्ट्झचा सिग्नल यांचे आकडे सारखेच दिसतात. १,००० मधून ९३० गेले की ७० उरतात, म्हणून तो ७० वर येऊन बसतो. १,०७० सुद्धा तिथेच येतो. आता ७० हर्ट्झ गाळायला गेलात तर खरं ७० हर्ट्झचं कंपनही जाईल. चोर सोडून संन्याशाला फाशी!

आधी शिखर खरं आहे का ते तपासा. सॅम्पलिंग रेट १,१०० करा. खरं कंपन ७० वरच राहील. शिखर १७० वर उडालं तर मूळ ९३० असण्याची शक्यता मोठी, ३० वर आलं तर १,०७०. मोटारीला गिअर आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ३१ दातांचा गिअर मिनिटाला १,८०० फेरे घेत असेल तर दात भिडण्याची फ्रिक्वेन्सी ३१ × ३०, म्हणजे बरोबर ९३० येते.

फिल्टर असूनही हे आत आलं कसं? तुमच्या फिल्टरची कटऑफ, म्हणजे जिच्यापुढे तो ठळकपणे कापू लागतो ती फ्रिक्वेन्सी, १५९ हर्ट्झ. एकाच टप्प्याचा आरसी फिल्टर उतरतो अगदी सावकाश. ९३० हर्ट्झचा सुमारे सहावा भाग त्यातून सहज निसटतो. शिवाय १०० हर्ट्झचा तुमचा कामाचा सिग्नल तो १५ टक्के कापतो. म्हणजे दोन्हीकडून तोटाच. अनेकांचा पहिला विचार असतो, कटऑफ आणखी खाली आणावी. तसं केलं की हवं तेच जास्त कापलं जातं.

त्यापेक्षा सॅम्पलिंग रेट वाढवा. १०,००० केलात तर १०० च्या खाली येऊन मिसळणारी पहिली फ्रिक्वेन्सी ९,९०० ठरते आणि फिल्टरला उतरायला ऐसपैस जागा मिळते. आरसीच्या जागी ऑप-अँपचा (अँप्लिफायर चिपचा) दोन टप्प्यांचा बटरवर्थ फिल्टर, म्हणजे कटऑफपर्यंत सपाट राहून मग वेगाने उतरणारा, सॅलन-की या जोडणीचा, त्याच १५९ हर्ट्झला बसवा. ९,९०० हर्ट्झ त्यातून सुमारे ३,९०० पटींनी कमी होऊन येतो, आणि १२ बिटच्या एडीसीच्या पायऱ्या ४,०९६. म्हणजे पूर्ण ताकदीचा उपद्रवही साधारण एका पायरीवर येतो. १०० हर्ट्झवरचा तोटाही ७ टक्क्यांवर येतो. नंतर डिजिटल फिल्टर लावून १,००० वर उतरा. फिल्टरमध्ये फिल्म कपॅसिटर वापरा. स्वस्त सिरॅमिकचा कपॅसिटन्स व्होल्टेजप्रमाणे सरकतो आणि कटऑफही त्याच्यामागे जाते.

प्रश्न : सिग्नलच्या दुप्पट वेगाने सॅम्पल घेतले की पुरे, असं शिकलो. ५० हर्ट्झची साइन वेव्ह १०० ने घेतली तर सगळे आकडे शून्य!

उत्तर : प्रत्येक सॅम्पल शून्य ओलांडणीवर पडलं. थोडं सरकून घेतलंत तर दुसरीच उंची मिळेल. दुप्पट ही काठावरची हद्द आहे, तिच्यापेक्षा जास्त घ्यायला हवं. आणि दुप्पट कशाची? वायरवर प्रत्यक्ष असलेल्या सर्वांत वरच्या फ्रिक्वेन्सीची. तुम्हाला हव्या असलेल्या फ्रिक्वेन्सीची नव्हे. सीडीचा रेट ४४,१०० आहे, ऐकू येणाऱ्या २०,००० च्या दुपटीहून ४,१०० जास्त. ती जागा फिल्टरला उतरण्यासाठी लागते. कंपन मोजणाऱ्या यंत्रांत २.५६ पट हा रूढ आकडा आहे.

प्रश्न : फाइल लहान करण्यासाठी दर दहावं सॅम्पल ठेवलं तर चालेल?

उत्तर : आधी गाळून, मग टाका. नुसती सॅम्पल वगळणं म्हणजे कमी वेगाने फिल्टरशिवाय सॅम्पल घेणंच. मॅटलॅबमध्ये डेसिमेट हे फंक्शन आधी गाळतं, डाउनसॅम्पल गाळत नाही. पायथॉनच्या सायपायमधलं डेसिमेटही गाळतं, पण अ‍ॅरेतून दर दहावा घटक उचलणारी एक ओळ लिहिलीत तर नाही. आणि मूळ रेकॉर्डिंग डिले (थोडं थांबण्याची आज्ञा) असलेल्या लूपमधून केलं असेल तर सॅम्पलांतलं अंतरच समान नसेल. ते काम टायमर इंटरप्टकडे, म्हणजे ठरलेल्या क्षणी प्रोसेसरला हटकणाऱ्या सोयीकडे, द्या.