पंप वाचवून पैसे वाचत नाहीत

प्रश्न : माझ्या सासूबाईंना (वय ७१) सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका आकसून धाप लागण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार आहे. या हिवाळ्यात त्यांना दोनदा खासगी रुग्णालयात ठेवावे लागले. एकदा तर गाडीभाडे वाचावे म्हणून त्यांनी रात्रभर धाप सोसली आणि आम्ही सकाळी नेले. बिलासाठी माझे गंठण गहाण पडले, बचत गटाचे कर्जही झाले. त्यांच्याकडे पाहायला मी शिवणकामाची नोकरी सोडली. आता डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचे मशीन घ्यायला सांगितले आहे आणि यजमान अर्धा एकर जमीन विकायची म्हणतात. पुण्यात नोकरीला असलेले धाकटे दीर काहीच देत नाहीत. परवा कळले की सासूबाई पंप (श्वासावाटे ओढायचे औषध, इनहेलर) रोज न घेता धाप लागली तरच घेतात, तेवढेच पैसे वाचतात म्हणून. मला त्यांचा राग येतो आणि त्या रागाची लाजही वाटते. जमीन विकायला विरोध केला तर मी स्वार्थी ठरेन का?

उत्तर : ताई, तुम्ही स्वार्थी ठरत नाही. घरात औषधांच्या पावत्या जपून ठेवल्या जातात, पण तुमचा बुडालेला पगार कोणत्याही पावतीवर लिहिलेला नसतो आणि म्हणून तो खर्च कुणालाच दिसत नाही. या आजाराचा मोठा भार अशाच न दिसणाऱ्या जागी पडतो. तुम्हाला राग येतो तो थकव्यातून आणि पैशांच्या ओढाताणीतून. त्याची लाज बाळगू नका, मात्र तो सासूबाईंवर निघू देऊ नका. त्यांनी तुमचे गंठण गहाण पडताना पाहिले आहे. आपल्यामुळे घर बुडते आहे असे वाटणारे माणूस सर्वांत आधी स्वतःच्या औषधाला कात्री लावते.

ही काटकसर मात्र घराला सर्वांत महाग पडते, आणि या पत्रातली मला सर्वांत जास्त घोर लावणारी गोष्ट तीच आहे. रोजचा पंप श्वासनलिका मोकळ्या ठेवतो आणि आजार अचानक बळावण्याचे प्रसंग कमी करतो. असा प्रत्येक प्रसंग रुग्णालयाचे बिल तर वाढवतोच, पण त्यानंतर फुप्फुसे बहुधा पूर्वीच्या ताकदीवर परत येत नाहीत. दोन्ही बिले आणि पंपाचा महिन्याचा खर्च सासूबाईंसमोर शेजारी शेजारी मांडा आणि त्यांनाच हिशेब करू द्या. पंपाची सवय लागते ही भीती त्यांच्या मनात असेल तर डॉक्टरांच्या तोंडून ती दूर करून घ्या. डॉक्टरांना स्पष्ट सांगा की खर्च झेपत नाही, याहून स्वस्त काय चालेल. कॅप्सूल घालून ओढायची पावडर अनेकदा फवाऱ्याच्या पंपापेक्षा स्वस्त पडते; चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घेतले तर जनऔषधी केंद्रातही (स्वस्त जेनेरिक औषधांचे सरकारी योजनेतले दुकान) चौकशी करता येते. पंप ओढण्याची पद्धत एकदा डॉक्टरांसमोर करून दाखवायला सांगा, कारण चुकीच्या पद्धतीने घेतलेले औषध घशातच राहते. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींबद्दलही त्याच भेटीत विचारा.

न्हाणीघरात पाणी तापवायला चूल पेटत असेल, तर गॅस वाचतो म्हणून ती चालू ठेवू नका. आपल्याकडे कधीही विडी न ओढलेल्या असंख्य स्त्रियांना हा आजार चुलीच्या धुराने दिला आहे.

मशीनबाबत घाई करू नका. घरी दीर्घकाळ ऑक्सिजन देण्याचा स्पष्ट उपयोग, विश्रांतीत आणि प्रकृती स्थिर असतानाही ज्यांच्या रक्तातले ऑक्सिजनचे प्रमाण ८८ टक्के किंवा त्याहून कमी राहते अशा रुग्णांना होतो, आणि तोही दिवसाचे किमान १५ तास घेतल्यास. रुग्णालयातून सोडताना कमी असलेले प्रमाण पुढे सुधारू शकते. म्हणून आत्ता गरज असेल तर मशीन भाड्याने आणा, आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करूनच विकत घ्यायचे की नाही ते ठरवा. मिनिटाला पाच लिटर ऑक्सिजन देणारे साधारण ३५० वॉटचे मशीन १५ तास चालले तर दिवसाला सुमारे पाच आणि महिन्याला दीडशेच्या आसपास युनिट वीज लागते, हेही आधीच हिशेबात धरा. मशीन चालू असताना त्या खोलीत चूल, उदबत्ती, निरांजन काहीही पेटते नको.

पुढच्या वेळी दाखल करावे लागले तर सरकारी योजनेतल्या रुग्णालयाचा विचार आधी करा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, आणि सासूबाई सत्तरीपुढच्या असल्याने उत्पन्नाची अट न लागता त्यांचे आयुष्मान वय वंदना कार्डही (ज्येष्ठांच्या मोफत उपचारांचे केंद्र सरकारचे कार्ड) निघू शकते. जवळच्या कोणत्या रुग्णालयात त्यांच्या आजाराचा उपचार योजनेत बसतो, हे आजार बळावण्याआधीच तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतीसाठी रुग्णालयात बसणारा कर्मचारी) विचारून ठेवा. या योजना मुख्यतः दाखल झाल्यानंतरच्या खर्चासाठी आहेत; रोजच्या औषधाचा भार घरावरच राहतो, आणि माझ्या मते धोरणातली ही मोठी उणीव आहे. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, तेव्हा जिल्हा रुग्णालयात पंप मिळतो का ते अवश्य पाहा.

आता जमीन. हा आजार वर्षानुवर्षे चालणारा आहे आणि चालू खर्चासाठी विकलेली जमीन काही वर्षांत संपते, त्यानंतर आजार तसाच आणि हातात काही नाही. शिवाय सातबारावर ज्यांची नावे आहेत त्या सर्वांना बसवल्याशिवाय हा निर्णय होऊच नये, आणि दिरांशी बोलण्याचे निमित्तही हेच आहे. "मदत करा" एवढेच म्हटले तर ते टळेल; यजमानांनी त्यांना ठरावीक काम सांगावे, की आईची महिन्याची औषधे तुझ्याकडे, पैसे थेट दुकानदाराला ऑनलाइन. ते जुन्या करप्रणालीने आयकर भरत असतील, तर आरोग्य विमा नसलेल्या ज्येष्ठ पालकांच्या उपचारांवर रोख न दिलेल्या खर्चाची वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळू शकते, हेही त्यांच्या कानावर घाला. पंप नियमित सुरू होऊन सासूबाई स्थिरावल्या की तुम्ही पुन्हा कामावर जा, सुरुवातीला अर्धा दिवस का होईना. घरासाठी तुमची कमाई जमिनीइतकीच महत्त्वाची आहे.

आणि गाडीभाड्यासाठी पुन्हा रात्र काढू नका. बोलताना वाक्य पुरे होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा त्या गुंगल्यासारख्या वाटत असतील, तर त्याच क्षणी १०८ ला फोन करा. ती रुग्णवाहिका मोफत आहे.