चामडी भाजली, मग किडनी का गेली?

तुमचे दोन प्रश्न आहेत. २८ वर्षांची चुलत बहीण ४५ टक्के भाजली, पहिले दोन दिवस नीट बोलत होती आणि नवव्या दिवशी गेली. कागदावर मात्र ‘सेप्टिसीमिया (म्हणजे रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग), अनेक अवयव निकामी’ असं लिहिलंय, ते कसं? आणि भाजून मरणाऱ्यांत तरुण बायकाच इतक्या का? बर्न वॉर्डात बरीच वर्षं काम केलंय, त्यावरून सांगते. कागदावरचे शब्द भाजण्याहून वेगळा आजार सांगत नाहीत. मोठ्या भाजण्याचा शेवट बहुतेक वेळा असाच होतो.

एवढं भाजलं की जखमेपुरत्याच नाही, सगळ्या अंगातल्या बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लागतात. रक्तातलं पाणी आणि प्रथिनं बाहेर पडतात, अंग सुजतं, पण रक्तवाहिन्यांत रक्त कमी पडतं. त्याचा फटका किडनीला लवकर बसतो. म्हणून आम्ही दर तासाला लघवीची पिशवी बघतो: मोठ्या माणसाला किलोमागे अर्धा मिली तरी हवी. धार कमी झाली, रंग काळ्या चहासारखा झाला, की आमच्या पोटात गोळा येतो. माणूस तेव्हाही बोलत असतो, कारण मेंदूला रक्त पोचत असतं आणि खोल भाजलेल्या जागी नसांची टोकंच जळाल्याने वेदनाही कमी असतात. नातेवाईक इथेच फसतात, आणि त्यात त्यांचा काहीच दोष नसतो.

पहिले दोन-तीन दिवस निभावले की जंतूंची पाळी येते. कातडीची भिंत नाही, प्रतिकारशक्ती खचलेली. स्यूडोमोनास, स्टॅफिलोकोकस यांसारखे जंतू जखमेतून किंवा फुप्फुसातून रक्तात शिरतात. शवविच्छेदनात मग फुप्फुसं जड, पाण्याने भरलेली, कापली की फेस येणारी दिसतात. लिव्हर आणि प्लीहेत रक्त तुंबलेलं, मेंदूला सूज. जठर आणि लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सरही सापडतात. कर्लिंग या इंग्लिश सर्जननी ते १८४२ सालीच नोंदवले होते. आता नळीतून लवकर अन्न सुरू करतात, आम्ल कमी करणारी औषधं देतात, म्हणून ते कमी दिसतात. जे बंद खोलीत, काही तासांतच जातात, त्यांची गोष्ट निराळी: श्वासनलिकेत काजळी, रक्तात कार्बन मोनॉक्साइड हा धुरातला विषारी वायू. अंग फारसं न भाजताही धूर जीव घेतो.

वयाचा परिणाम फार मोठा. वय आणि भाजल्याची टक्केवारी यांची बेरीज करून धोक्याचा अंदाज बांधायची जुनी पद्धत आहे; बेरीज जितकी मोठी, तितका धोका जास्त. धूर आत गेला असेल तर त्यात १७ मिळवतात. तुमच्या बहिणीची बेरीज ७३ येते, तेच ४५ टक्के ७५ वर्षांच्या माणसाला झाले तर १२० होते.

आता बायकांबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने भाजून वर्षाला सुमारे १,८०,००० माणसं मरतात, बहुतेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत. इतर बहुतेक दुखापतींत पुरुष जास्त दगावतात. भाजण्यात मात्र बायकांचं प्रमाण थोडं जास्त आहे. उघड्या जाळावरचा, धोकादायक चुलीवरचा स्वयंपाक आणि सैल कपडे ही कारणं आहेतच. पण घरातली मारहाण, पेटवणं आणि छळापायी स्वतःला जाळून घेणं हीही आहेत. ‘स्टोव्हचा भडका’ एवढ्यावर नोंद संपवू नये असं मला मनापासून वाटतं. छातीपासून पायापर्यंत भाजलेली बाई आणि अंगाला रॉकेलचा वास असेल, तर प्रश्न विचारायलाच हवेत, आणि ती शुद्धीत आहे तोवर जबाब घ्यायलाच हवा.

पुरुषांत कामावरचे विजेचे अपघात बरेच येतात. तिथे टक्केवारी फसवी असते: हातावर लहानसा डाग, आत स्नायू शिजलेले, आणि त्यातून सुटलेलं मायोग्लोबिन हे स्नायूंतलं प्रथिन किडनी बंद पाडतं. लहान मुलं बहुतेक गरम पाण्याने भाजतात.

तुमच्या घरातली शंका अजून फिटत नसेल, तर अंतिम शवविच्छेदन अहवालासोबत रक्ताचा आणि जखमेचा कल्चर रिपोर्ट (कोणते जंतू सापडले ते सांगणारा) मागा, आणि पहिल्या तीन दिवसांचा लघवीचा तासागणिक तक्ताही. किडनी कधीपासून मागे पडत गेली ते त्यात ओळीने दिसेल.