पणजीचे नाव कोणत्या वहीत सापडेल?

घराण्याचा मागोवा घेणाऱ्या वाचकांचे काही प्रश्न या वेळी उत्तरांसाठी निवडले आहेत. एकाच अडचणीबद्दल अनेकांनी विचारले असेल तेथे त्यातला सर्वांत नेमका प्रश्न घेतला आहे.

प्रश्न : माझे पणजोबा १९०१ मध्ये सोलापूर जिल्ह्यात राहत होते. त्या वर्षीच्या जनगणनेतील त्यांच्या घराची नोंद कोठे मिळेल? इंग्लंडमध्ये अशा नोंदी घरबसल्या पाहता येतात असे ऐकले आहे. (पुणे)

उत्तर : ही नोंद मिळणार नाही. हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो, कारण या एका आशेवर वर्षानुवर्षे कार्यालयांचे उंबरे झिजवणारी माणसे मी पाहिली आहेत. देशभर एकाच वेळी झालेली आपली पहिली शिरगणती १७ फेब्रुवारी १८८१ च्या रात्रीची. तेव्हापासून दर दहा वर्षांनी घरोघर माणसे मोजली गेली. परंतु त्या घरवार कागदांचा उपयोग बेरजा करण्यापुरताच मानला गेला, आणि बेरजा छापून झाल्यावर ते जपून ठेवण्याची पद्धत आपल्याकडे नव्हती. स्वातंत्र्यानंतरच्या गणनांना १९४८ च्या जनगणना कायद्याचे कुलूप आहे. त्याच्या कलम १५ नुसार कोणत्याही व्यक्तीची नोंद पाहायला मिळत नाही आणि ती न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाही.

इंग्लंडबद्दल आपण ऐकले ते खरे आहे. तेथे शंभर वर्षांनी घरवार कागद खुले होतात आणि १९२१ ची गणना जानेवारी २०२२ मध्ये खुली झाली. १९११ च्या गणनेत तर कुटुंबप्रमुखाने स्वतःच्या हाताने भरलेला कागदच जपलेला आहे. त्यामुळे आपल्या घरातील कोणी २ एप्रिल १९११ च्या रात्री लंडनमध्ये बॅरिस्टरीच्या अभ्यासासाठी मुक्कामाला असेल, तर तो घरमालकिणीच्या यादीत ‘भाडेकरू’ म्हणून सापडू शकतो. त्याच वर्षी सोलापुरात राहणारा त्याचा सख्खा भाऊ मात्र आपल्या जनगणनेत सापडणार नाही.

तरीही जनगणनेचे जुने अहवाल बाजूला सारू नका. त्यांत माणूस नसतो, पण त्याचा काळ असतो. १९०१ ची गणना १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर आणि प्लेगच्या साथीत झाली. १९२१ च्या गणनेत सबंध देशाची लोकसंख्या आधीच्या दशकापेक्षा घटलेली दिसली, कारण मध्ये १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ येऊन गेली होती. तालुक्याचे आकडे अशा दोन गणनांमध्ये एकदम खाली आले असतील आणि त्याच सुमारास आपले घराणे गाव सोडून गेले असेल, तर ते का गेले याचे निदान एक कारण हाती येते.

प्रश्न : आमच्या वंशावळीत आठ पिढ्यांचे पुरुष आहेत, बाई एकही नाही. पणजीचे नाव आज घरात कोणालाही आठवत नाही. ते कोठे सापडू शकेल? (कराड)

उत्तर : आलेल्या सर्व प्रश्नांत हा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वंशावळी बहुतेक वेळा वतनाच्या किंवा जमिनीच्या वाट्यासाठी लिहिल्या गेल्या, म्हणून ज्याला वाटा त्याचेच नाव त्यांत आले. बाईचे नाव शोधायचे तर वंशावळ मिटून ठेवावी आणि फेरफाराची नोंदवही, म्हणजे गाव नमुना ६, उघडावी. मुंबई इलाख्यातील बहुतेक गावांत ही वही विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत सुरू झाली. जुन्या नोंदींच्या नकला तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिळतात आणि अनेक तालुक्यांतील कागद आता ‘आपले अभिलेख’ या शासकीय संकेतस्थळावरही चढवलेले आहेत.

या वहीची भाषा आधी समजून घ्या. ‘रामजी बिन सखोजी’ किंवा ‘रामजी वलद सखोजी’ म्हणजे सखोजीचा मुलगा रामजी. ‘गंगाबाई कोम रामजी’, ‘गंगाबाई भ्रतार रामजी’ किंवा ‘गंगाबाई मर्द रामजी’ या तिन्हींचा अर्थ रामजीची बायको गंगाबाई असा आहे. ‘मर्द’ हा शब्द पाहून तेथे पुरुषाचे नाव आहे असे समजून पुढे गेलेले शोधक मला भेटले आहेत. ‘ए. कु. मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, बहुधा थोरला भाऊ. आपल्या कामाची खूण मात्र ‘अ. पा. क.’ ही आहे. तिचा अर्थ अज्ञान पालनकर्ता, म्हणजे अल्पवयीन वारसाचा पालक. बाप लवकर गेला आणि मुलगे लहान असले, की त्यांच्या नावापुढे ‘अ. पा. क. आई’ असे लिहून आईचे नाव घालावेच लागे. माझ्या पणजीचे नाव मला असेच मिळाले. फिकट शाईतील दीड ओळीची ती नोंद. मयत खातेदार, वारस दोन मुलगे, वय सात आणि चार, आणि शेवटी ‘अ. पा. क. आई’ यापुढे तिचे नाव. आमच्या घरात ते साठ वर्षांत कोणी उच्चारले नव्हते. त्या दिवशी मी ती नोंद पाचसहा वेळा वाचली आणि घरी आल्यावर मोठ्याने वाचून दाखवली.

आजीच्या पिढीसाठी १९५६ नंतरचे फेरफार पाहा. हिंदू उत्तराधिकार कायदा आल्यावर मयताच्या वारसांत विधवा आणि मुलीही लिहिल्या जाऊ लागल्या. मुलींची नावे सासरच्या आडनावासह आणि कित्येकदा सासरच्या गावासह येतात, त्यामुळे कोणती आत्या कोठे दिली होती हे एका ओळीत कळते. पुढच्या फेरफारात बहुतेक ठिकाणी त्याच मुलींनी हक्कसोड करून दिल्याची नोंद असते. तीही उतरवून घ्या, कारण तिच्याशी त्या बहिणीच्या आयुष्याचा जितका संबंध आहे तितकाच भावाच्या सातबाराचाही आहे.

एक अडचण लक्षात ठेवावी लागते. लग्नात नाव बदलण्याची रीत असल्यामुळे एकाच बाईची माहेरच्या कागदांत एक आणि सासरच्या कागदांत दुसरे अशी दोन नावे असतात, आणि ती एकाच बाईची आहेत हे सांगणारा कागद सरकारदरबारी सहसा नसतो. तो घरातच असतो, आणि बऱ्याचदा तो कागद नसून पितळ असते. माळ्यावरची जुनी परात, हंडा, कळशी खाली उतरवून काठाखाली बोटे फिरवा. आहेराच्या भांड्यांवर ठिपक्याठिपक्यांनी देणाऱ्याचे नाव, गाव आणि कधी कधी तारीखही घातलेली असते. मामाचे नाव आणि गाव मिळाले की माहेर मिळाले. आणि माहेरच्या गावची वही उघडायला तेवढा धागा पुरतो.

प्रश्न : आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९१९ आहे. आत्या मात्र म्हणते की त्यांचा जन्म दिवाळीतला. खरे काय मानावे? (ठाणे)

उत्तर : आत्याचे. शाळा जूनमध्ये सुरू होत, आणि तारीख माहीत नसलेल्या मुलाचे वय अंदाजाने धरून मास्तर जनरल रजिस्टरला १ जून लिहून टाकत. महाराष्ट्रातील एका सबंध पिढीचा वाढदिवस त्यामुळे एकाच दिवशी येतो. वर्षसुद्धा एकदोन वर्षांनी पुढेमागे असू शकते.

पडताळणीसाठी गाव नमुना १४ मागा. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. त्यात गावातील जन्म आणि मृत्यू तारीखवार लिहिलेले असत. मात्र तेथे आजोबांचे नाव शोधू नका, कारण नोंद बारशाच्या आधी होत असल्यामुळे मुलाचे नाव बहुधा नसतेच. बापाचे नाव, जात, ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ आणि तारीख एवढेच असते. १९१७ ते १९२० या चार वर्षांतील पणजोबांच्या नावापुढच्या साऱ्या नोंदी काढा आणि भावंडांच्या क्रमाशी ताडून पाहा. दिवाळीच्या आसपासची नोंद त्यात असेल तर प्रश्न सुटला. त्याच वहीत मृत्यूचे पानही पाहावे. १९१८ च्या उत्तरार्धातील पाने पाहताना मन घट्ट ठेवा, कारण त्या साथीत, जिला आपल्याकडे मानमोडी म्हणत, एकाच घरातील तीन-तीन नावांपुढे एकामागून एक ‘ताप’ एवढेच कारण लिहिलेले आढळते.

कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेल्यापासून या वह्यांना मोठी मागणी आली आहे आणि पाने सतत हाताळली जात आहेत. म्हणून एक विनंती आहे. नक्कल मिळाली तरी परवानगी घेऊन मूळ पान एकदा डोळ्यांनी पाहा, शक्य असेल तर छायाचित्र घ्या, आणि पान उलटताना ते खालच्या कोपऱ्याला धरून उलटा.

प्रश्न : आमची वंशावळ त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडे आहे असे आजोबा सांगत. जाण्यापूर्वी काय तयारी करावी? (बेळगाव)

उत्तर : त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी, प्रयाग, गया येथील तीर्थोपाध्यायांची यजमान घराणी गावांप्रमाणे वाटलेली असतात. म्हणून आडनावाच्या आधी मूळ गाव सांगा, आणि तेही आजचे राहते गाव न सांगता तीन-चार पिढ्यांपूर्वीचे. पाटील, कुलकर्णी, देशमुख ही अधिकाराची नावे असल्यामुळे त्यामागचे मूळ आडनाव ठाऊक असेल तर काम हलके होते. वहीत यात्रेकरूने स्वतःच्या हाताने मजकूर लिहिलेला असतो: आपण कोण, बरोबर कोण आले, कोणाचे श्राद्ध केले, मागच्या पिढीतील कोण येऊन गेले. येथे बायकांची नावेही भेटतात, कारण आईचे आणि आजीचे पिंडदान नावाशिवाय होत नाही. उपाध्यायांनी पिढ्यान्‌पिढ्या या वह्या स्वतःच्या खर्चाने सांभाळल्या आहेत, तेव्हा दक्षिणा मोकळ्या हाताने द्यावी आणि निघताना आपल्या पिढीची नोंदही लिहून यावी.

जुनी नोंद मोडी लिपीत असेल. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही आणि शब्दही सुटे लिहिले जात नाहीत, त्यामुळे नवशिक्याने वाचलेले नाव जाणकाराकडून तपासून घ्यावे. इसवी सन काढण्यासाठी तारखेत शके असेल तर ७८ मिळवा, फसली म्हणजे महसुली सन असेल तर ५९०. पेशवाईतील सुहूर सन मृगाच्या सुमारास सुरू होई, म्हणून त्यात महिना पाहून ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात.

आपण बेळगावचे आहात म्हणून आणखी एक सुचवतो. आपल्या भागात आणि कोल्हापूरकडे हेळवी येतात, बैलावर बसून, आणि दारात उभे राहून घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवतात. ते आले तर परत पाठवू नका. त्यांचे म्हणणे ध्वनिमुद्रित करा आणि त्यांच्याजवळच्या वहीत काय आहे तेही आदराने विचारा.

प्रश्न : माझ्या यजमानांचे पूर्वज गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, रत्नागिरीकडून मॉरिशसला आले. त्यांचे रत्नागिरीकडचे गाव शोधता येईल का? (पोर्ट लुई)

उत्तर : आपले काम भारतातल्या पुष्कळांपेक्षा सोपे आहे. १८३४ पासून मॉरिशसला उतरलेल्या प्रत्येक गिरमिट्याला एक क्रमांक दिला जाई, आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या नोंदवह्यांत त्या क्रमांकाखाली जहाज, नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, जिल्हा आणि गाव असा तपशील आढळतो. १८६० च्या दशकापासूनच्या काही जणांची छायाचित्रेही तेथे आहेत. घरातील जुन्या लग्नाच्या किंवा मृत्यूच्या दाखल्यावर तो क्रमांक आहे का, ते आधी पाहा. तो मिळाला तर बाकीचे आपोआप मिळत जाते.

गावाचे नाव मराठी न येणाऱ्या कारकुनाने कानाने ऐकून लिहिलेले असते, तेव्हा ते रोमन अक्षरांवरून न लावता मोठ्याने उच्चारून पाहा आणि मग रत्नागिरी, सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांच्या गावांची यादी समोर धरा. सावंतवाडी संस्थानातूनही माणसे गेली होती, हे विसरू नका. गिरमिटिये जेथे उतरत त्या आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या आपल्यापासून जवळच आहेत. क्रमांक हाती आल्यावर घरातील मुलांना तेथे घेऊन जावे असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : पणजोबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेले आणि परतले नाहीत. गावात संगमरवरी पाटी आहे, पण तिच्यावर फक्त आकडा आहे. (सातारा)

उत्तर : अशा पाट्यांवर किती जण गेले आणि किती कामी आले एवढेच कोरलेले असते. नाव राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या खुल्या यादीत शोधा. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, पडलेल्यांपैकी ज्यांची समाधी नाही त्यांचे स्मारक बसऱ्याजवळ आहे. त्यावर हिंदी शिपायांची नावे कोरली नव्हती, पण ती आयोगाच्या नोंदवहीत आहेत आणि अनेक नावांपुढे बापाचे नाव, गाव व तालुका दिलेला आहे. नावाची रोमन अक्षरे भलतीच असतात, म्हणून १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणींपैकी त्यांची कोणती हे आधी ठरवून त्या पलटणीची सबंध यादी वाचावी. मृत्यूची तारीख २९ एप्रिल १९१६ नंतरची आणि पलटण १०३, ११० किंवा ११७ असेल, तर कूत-अल-अमारा येथे वेढ्यात सापडलेल्या ब्रिटिश-हिंदी फौजेच्या शरणागतीनंतर ते कैदेत वारले असण्याची शक्यता तपासा. पणजीला पेन्शन मिळत होती का, हेही घरात विचारा. जुन्या पेन्शनच्या कागदावर पलटणीचा क्रमांक आणि शिपाई क्रमांक दोन्ही असतात, आणि असे कागद बहुधा देवघरातल्या पोथीच्या फडक्यात सापडतात.