फुकट यादीतला देश आणि ४५ डॉलरचा पेपर

प्रश्न असा आहे: ‘रिसर्च फॉर लाइफ’ या योजनेतून आफ्रिकेतल्या गरीब देशांना जर्नल्स (संशोधनाची नियतकालिकं) फुकट मिळतातच, मग ओपन ॲक्सेसचा, म्हणजे शोधनिबंध (पेपर) सगळ्यांनाच फुकट वाचता यावेत याचा, आग्रह कशाला? आणि तिथल्या संशोधकाने पेपर द्यावा कुठे?

‘मिळतातच’ या शब्दालाच माझी हरकत आहे. लायबेरियाचं घ्या. तिथल्या लोकांच्या रक्तात इबोलाच्या अँटिबॉडीज सापडतात, हा देश इबोलाच्या टापूत धरायला हवा, असं युरोपातल्या संशोधकांनी १९८२ सालीच छापलं होतं. २०१४ मध्ये साथ आली आणि लायबेरियात ४,८०० च्या आसपास माणसं दगावली. २०१५ च्या एप्रिलमध्ये तिथल्या आरोग्य खात्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी बर्निस डान यांनी सहकाऱ्यांसह न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं की असा एक पेपर उतरवायला (डाउनलोड करायला) ४५ डॉलर पडतात, म्हणजे इथल्या डॉक्टरचा अर्ध्या आठवड्याचा पगार. आणि लायबेरिया तर या योजनेच्या फुकटवाल्या ‘अ’ गटातला देश!

कारण ही सोय देशाला मिळत नाही, नोंदणी केलेल्या संस्थेला मिळते. पासवर्ड बहुधा ग्रंथपालाकडे. नोकरी सुटली की वाचनही सुटलं. ‘ब’ गटातल्या, म्हणजे थोड्या बऱ्या स्थितीतल्या देशांच्या, संस्थांना वार्षिक शुल्क आहे. काही प्रकाशक ठरावीक देशांपुरती आपली जर्नल्स वगळतात. कुणी घाऊक पेपर उतरवले तर अख्ख्या संस्थेचं खातं गोठू शकतं. दक्षिण आफ्रिका यादीतच नाही (भारतही नाही). बांगलादेशात २०११ मध्ये बड्या प्रकाशकांनी जर्नल्स काढून घेतली, ओरड झाल्यावर परत दिली. मर्जीवर मिळणाऱ्या गोष्टीला मी हक्क म्हणणार नाही.

पण पेपर खुला छापण्यासाठी लेखकाच्या माथी दोन-तीन हजार डॉलर फी मारणाऱ्या पद्धतीलाही मी ओपन म्हणायला तयार नाही. फी माफी असते हो, पण बहुधा फक्त पूर्ण ओपन ॲक्सेस जर्नल्समध्ये. हायब्रिडमध्ये, म्हणजे वर्गणीवर चालणाऱ्या पण फी भरली तर तेवढा पेपर खुला करणाऱ्या जर्नल्समध्ये, सहसा नाही. माफी पेपर सबमिट करतानाच मागायची. स्वीकारल्यानंतर मागितली की बरेच प्रकाशक ऐकत नाहीत. कुठे पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाचा देश बघतात, कुठे सगळ्याच लेखकांचा. तेव्हा युरोपातला एक सहलेखक घेतला आणि माफी गेली, असंही होतं.

माझ्या मते आधी फी न घेणारी जर्नल्स बघावीत. डीओएजे या खुल्या जर्नल्सच्या ऑनलाइन यादीत ‘फी नाही’ हा फिल्टर आहे. खुल्या जर्नल्सचं साय-एलो साउथ आफ्रिका हे संकेतस्थळ आहे, १९९८ पासून चालणारं आफ्रिकन जर्नल्स ऑनलाइन हे संकेतस्थळ आहे. मात्र या दुसऱ्यावरची सगळीच जर्नल्स ओपन नाहीत, प्रत्येकाचं पान उघडून बघावं लागतं. हायब्रिडमध्येच द्यायचा असेल तर सबस्क्रिप्शनचा (लेखकाने फी न भरण्याचा) मार्ग निवडा आणि स्वीकारलेली वर्डची प्रत विद्यापीठाच्या रिपॉझिटरीत (ऑनलाइन संग्रहात) टाका. प्रकाशकाची पीडीएफ टाकू नका, ती काढायला लावतात. एम्बार्गो, म्हणजे ती प्रत खुली करण्याआधी थांबायची मुदत, किती महिन्यांचा, तेही आधी बघा.

आणि हो, पेपर खुला असता तर इबोला टळला असता, असा माझा दावा नाही. डान यांच्या लेखातच आहे की त्या जुन्या पेपरांवर लायबेरियाचा एकही सहलेखक नव्हता. रक्त तिथलं, नावं बाहेरची. देशात ते सांगणार कोण? म्हणून बाहेरच्यांबरोबर काम करणार असाल तर लेखकांची नावं, जर्नल आणि फी कोण भरणार, हे नमुने देण्याआधीच लेखी ठरवून घ्या.