चार्ल्स लायेलच्या मूळ वह्या कुठे आहेत? घरबसल्या वाचता येतात का?

एडिंबरा विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत, आणि स्कॅन केलेली पानं ऑनलाइन बघता येतात. एकूण २९४ वह्या. लायेल हा स्कॉटलंडचा भूशास्त्रज्ञ. त्याच्या ‘प्रिन्सिपल्स ऑफ जिऑलॉजी’ या ग्रंथाचा पहिला खंड डार्विनने बीगल जहाजावर सोबत नेला होता. वह्या कुटुंबाकडेच होत्या. विक्रीला निघाल्या तेव्हा ब्रिटिश सरकारने त्या देशाबाहेर न्यायला तात्पुरती मनाई केली, आणि तेवढ्या अवधीत देणग्या जमवून विद्यापीठाने २०१९ मध्ये त्या विकत घेतल्या.

कुठून सुरुवात करायची म्हणाल, तर १८५५ पासूनच्या ‘प्रजातीं’वरच्या वह्यांपासून. त्यातली पहिली त्याने निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड वॉलेसचा, नव्या प्रजाती कशा येतात यावरचा, बोर्निओ बेटावरच्या सारावाकहून आलेला निबंध वाचून उघडली. प्रजाती बदलत जातात हे मत लायेलने छापील ग्रंथात आधीच खोडून काढलं होतं. इथे मात्र तोच माणूस स्वतःशी वाद घालतो, आणि हे खरं असेल तर माणसाचं वेगळेपण कुठे उरलं, या प्रश्नापाशी वारंवार अडखळतो. मला तरी छापील लायेलपेक्षा हा जास्त आवडतो.

अक्षर लावायला मात्र चिकाटी हवी. त्याने स्वतःच वह्यांना सूची जोडल्या आहेत, आधी त्या चाळा.