गिटार सगळ्यांनी ऐकली, वाजवणाऱ्याचं नाव कुणाला माहीत नाही

भावा, तू विचारलंस की कोणत्या गिटारिस्टला पाहिजे तेवढी दाद मिळाली नाही, आणि सोबत जी चार नावं दिलीस ती सगळी फास्ट सोलोवाल्यांची. ती माणसं भारीच आहेत, वादच नाही, पण त्यांच्या फोटोचे टीशर्ट आपल्या लातूर-नांदेडची पोरंसुद्धा घालतात, मग त्यांना दाद कमी मिळाली असं कसं म्हणायचं?

माझ्या मते खरा अन्याय झालाय तो दुसऱ्याच्या गाण्यामागं बसून वाजवणाऱ्यांवर. आपल्या हिंदी सिनेमाच्या गाण्यांत तर लैच. जुन्या रेकॉर्डवर गायक, संगीतकार, गीतकार एवढीच नावं असायची, वादकाचं नाव बहुतेक वेळा कुठंच नाही, त्यामुळं जो पीस आपण येताजाता गुणगुणतो तो वाजवला कुणी हे घरातल्या मोठ्यांनाही माहीत नसतं. 'कर्ज' घे, 1980 चा. 'एक हसीना थी' मधली ती गिटारची धून कुणाला माहीत नाही सांग, डोळ्यासमोर येतो ऋषी कपूर, पण वाजवलीय गोरख शर्मांनी, म्हंजे लक्ष्मीकांत-प्यारेलाल मधल्या प्यारेलालजींचे धाकटे भाऊ. 2018 ला गेले. त्या धूनमध्ये बोटांची पळापळ अजिबात नाही, मोजके सूर आहेत पण प्रत्येक सूर किती वेळ धरायचा आणि कुठं सोडायचा हे इतकं नेमकं आहे की सिनेमाची अर्धी गोष्ट त्या धूनवरच उभी आहे.

भूपिंदर सिंगांचं तर अजून वेगळं. लोक त्यांना गझल गायक म्हणून ओळखतात, आवाजच तसला होता, पण 'दम मारो दम' (1971) आणि 'चुरा लिया है' (1973) मधली गिटार त्यांची आहे हे सांगितलं की आजपण लोक चकित होतात. चुरा लिया ची सुरुवात ऐक, आधी काचेची किणकिण येते आणि मग गिटार, आशाताईंचा आवाज यायच्या आधीच मूड तयार झालेला असतो.

पण मला एकच नाव घ्यायला सांगितलं तर मी ब्रिजभूषण काब्रांचं घेईन. 1967 ला 'कॉल ऑफ द व्हॅली' नावाची रेकॉर्ड आली, काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस रागांमधून मांडलेला. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर काब्रा, आणि तबल्यावर आपले माणिकराव पोपटकर. संतूर आणि बासरीवाले पुढं पद्मविभूषण झाले, घराघरात पोचले, व्हायलाच पाहिजे होते. पण त्याच रेकॉर्डवरचा गिटारवाला कोण असं विचारून बघ, गाणं शिकलेली पोरंसुद्धा गप होतात. माणूस जोधपूरचा, अली अकबर खाँसाहेबांचा शिष्य.

त्यांनी केलं काय ते नीट समजून घे. सतारीचे पडदे, म्हंजे मानेवरच्या आडव्या पट्ट्या, उंच असतात, तार बाजूला खेचून लांब मींड काढता येते, म्हंजे सूर न तुटता एकावरून दुसऱ्यावर सरकत जातो. गिटारची मान सपाट, पडदे बुटके, तार खेचून खेचून किती खेचणार, आणि मींड नसेल तर आपला राग उभाच राहत नाही. म्हणून काब्रांनी गिटार मांडीवर आडवी घेतली, हवाईयन पद्धतीनं, आणि धातूचा बार तारांवरून फिरवायचा. आता बारला पडद्याचं बंधन नाही, सूर पाहिजे तिथून पाहिजे तिथपर्यंत सरकतो. पण तिथंच खरी परीक्षा आहे, काय की पडदा नाही म्हंजे आधारपण नाही, बार केसभर इकडंतिकडं झाला की सूर बेसूर. सगळं कानावर. बारनं गाण्यांच्या धून वाजवणारे व्हॅन शिपलीसारखे लोक होते, त्यांची वाजवलेली सिनेमाची गाणी गाजलीही, पण त्याच वाद्यावर आलाप-जोड करत, म्हंजे तबल्याशिवाय राग सावकाश उलगडत, मैफल करायची ही हिंमत काब्रांची. पुढं अशीच मांडीवर गिटार घेऊन राग वाजवणाऱ्या विश्वमोहन भट्टांना 1994 ला ग्रॅमी मिळालं, त्याचा आनंद आहेच, पण ती वाट आधी कुणी तुडवली हे पण सांगितलं पाहिजे ना.

बाहेरचं एकच नाव सांगतो, फ्रेडी ग्रीन. काउंट बेसीच्या जॅझ बँडमध्ये 1937 ला आला आणि 1987 ला जाईपर्यंत तिथंच वाजवत राहिला, सोलो जवळजवळ नाहीच. अॅम्प्लिफायर नाही, समोर ट्रंपेट-सॅक्सोफोनची फौज, आणि हा चार मात्रांना चार कॉर्ड (एकदम वाजवलेले दोनचार सूर) देत बसलेला, त्यातही कितीदा कॉर्डमधले एकदोनच सूर. त्याला वेगळं ऐकायला गेलास तर सापडणार नाही, पण अख्खा बँड त्याच्या हातावर चालायचा.

आणि आपल्याकडंच बघ की. गणपतीत, परभणीच्या उरसात, 14 एप्रिलच्या भीमगीतांच्या कार्यक्रमात जे गिटारवाले रात्रभर वाजवायलेत त्यांचं काम किती अवघड आहे. प्रॅक्टिस केलेली असते पांढरी सहा या पट्टीत, आणि गायक ऐनवेळी म्हणतो आज काळी एक धरा. कीबोर्डवाला ट्रान्सपोज दाबून मोकळा, गिटारवाल्याला मात्र त्या दोन मिनिटांत चौथ्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून ट्युनिंग बघायचं नाहीतर एका बोटानं सगळ्या तारा दाबून बार कॉर्ड धरायचे, तेही जाड तारांच्या, मान जराशी वाकलेल्या गिटारवर. बेस गिटार सोबत असेल तर खालचे सूर सोडून फक्त वरच्या तारा वाजवायच्या, नाहीतर सगळा गाळ होतो. ही अक्कल कुठल्या क्लासमध्ये मिळत नाही, कार्यक्रम करून करूनच येते. आणि निवेदक गायकांची ओळख करून देतो, ढोलकीवाल्याला टाळ्या मिळतात, गिटारवाल्याचं नाव घ्यायचं राहूनच जातं. आयोजकांनी आधी वादकांच्या नावाची चिठ्ठी निवेदकाच्या हातात दिली तरी पुष्कळ आहे, मी आमच्याकडं हे सांगून सांगून करून घेतलंय.

तू शिकायलास म्हणून सांगतो, सोलोचे टॅब (कुठली तार कुठल्या पडद्यावर दाबायची ते लिहिलेले कागद) महिनाभर बाजूला ठेव. चुरा लिया आणि एक हसीना थी हेडफोन लावून ऐक, गायकाकडं लक्षच देऊ नको, फक्त गिटार कधी थांबते ते टिपून घे. मग रात्री निवांत काब्रा ऐक, आणि कुठल्या सुरावरून कुठल्या सुरावर मींड गेली ते गाऊन बघ. गाता आलं नाही तर पुन्हा लाव.