मालिका की कादंबरी?

प्रिय मित्रा,

मालिकेचे संवाद लिहिलेस तर कादंबरी हातून सुटेल, ही तुझी भीती काही मला पटली नाही. ‘एक ना धड’ म्हणणाऱ्यांना म्हणू दे.

जयवंत दळवींकडे बघ. आधी वर्तमानपत्रात, मग मुंबईत युसिसमध्ये, म्हणजे अमेरिकन सरकारच्या माहिती खात्यात नोकरी. ती सांभाळून 1963 साली झोपडपट्टीवरची ‘चक्र’ ही कादंबरी लिहिली आणि ‘ललित’ मासिकात ‘ठणठणपाळ’ या टोपणनावानं भल्याभल्या साहित्यिकांची टोपी उडवली. ठणठणपाळाचा मिश्कीलपणा ‘चक्र’मध्ये शोधून सापडत नाही. नाटकाकडे ते चाळिशी उलटल्यावर वळले. ‘अंधाराच्या पारंब्या’ या स्वतःच्याच कादंबरीवरून त्यांनी ‘बॅरिस्टर’ लिहिलं. दोन्ही शेजारी ठेवून वाच. घराण्यातल्या वेडाची भीती कादंबरीत पानंच्या पानं मुरू देता येते. रंगमंचावर ती नटाच्या बोलण्यात, गप्प बसण्यात दिसावी लागते. माझ्या मते लेखनाच्या कुठल्याही कार्यशाळेपेक्षा हे वाचन तुला जास्त शिकवेल.

मालिकेतून वेग येईल. उद्याच्या चित्रीकरणाचा सीन आज रात्री द्यायचा असतो, तिथे प्रतिभेची वाट बघत बसायला कुणाला सवड नसते. पण खोडीही लागतात. प्रत्येक सीनच्या शेवटी धक्का, आणि प्रत्येक पात्राच्या तोंडी मनातलं सगळं! कथा लिहून झाली की मोठ्यानं वाच. पात्रं स्वतःच स्वतःचा अर्थ सांगायला लागली की तिथे निर्दयपणे काट मार.

पैशांची लाज बाळगू नकोस. दिवाळी अंकाच्या मानधनावर घर चालत नाही, हे ते मानधन देणारे संपादकही जाणतात. फक्त करार नीट वाच. हक्क किती काळासाठी देतोस ते लिहिलेलं नसेल, तर कायद्यानं ते 5 वर्षांपुरतेच दिले असं धरतात. म्हणूनच निर्माते आठवणीनं ‘कायमस्वरूपी’ लिहून घेतात. तो शब्द दिसला की आकडा वाढवून माग, नाहीतर मुदत घालून घे. संवाद मालिकेला दिलेस, तरी तुझ्या मूळ कथेचे नाटकाचे आणि पुस्तकाचे हक्क त्यात गुपचूप जात नाहीत ना, हेही तपास.

सही करण्याआधी कागद मला पाठव. आणि दिवाळीची कथा श्रावणाच्या आत संपव, त्यानंतर संपादक ओळख देत नाहीत.

तुझा,
काका